तीन पायांचा कुत्रा दत्तक घेताना: घरात आधीचे कुत्रे असतील तर कधी काय करायचं

कुत्रा दत्तक घेतलेल्यांचा फोन साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी येतो. "तीन पायांचा आणलाय. पहिल्या दिवशी मस्त खेळला सगळ्यांशी. आता आमचा लॅब्रॅडोर नुसता जवळ गेला तरी दात दाखवतो." थोडं खोदून विचारलं की कळतं, पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना हॉलमध्ये एकत्र सोडलं होतं. फरशी गुळगुळीत. नवा कुत्रा चार-पाचदा आपटला आणि दर वेळी अंगावर कुणीतरी होतं. त्याला आपण खेळ म्हणालो. तो मात्र एवढंच शिकला, की इथे दुसरा कुत्रा जवळ आला की आपण पडतो.

पाय नसणं ही अडचण तो कुत्रा बऱ्याचदा आपल्याआधी सोडवून बसलेला असतो. चुकतो तो आपला क्रम. आधी फरशी, मग घरचे कुत्रे, मग नवा. आणि नव्याची घरच्यांशी ओळख करतानाही आधी वास, मग सोबत चालणं, मग शेजारी पडून राहणं आणि सगळ्यात शेवटी खेळ. लोक खेळापासून सुरुवात करतात. आमच्याकडे भुऱ्या, खंडू आणि चिंगी असे तिघे देशी होते, तेव्हा ठमी आली. पुढचा उजवा पाय खांद्यापासून काढलेला. तिच्या वेळी मीही एक मोठी चूक केली. ती पुढे येईलच.

## १. 'हो' म्हणण्याआधी: कोणता पाय, कधी, कशामुळे

कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि ४० टक्के मागच्या. म्हणून पुढचा पाय गेलेल्याला जास्त कष्ट पडतात. जिना उतरणं, पळता पळता थांबणं, सोफ्यावरून खाली उडी मारणं, हे सगळं एकाच पंजावर येतं. मागचा पाय गेलेला मैदानावर सहज पळतो. त्याला चढण आणि उंच उडी जड जाते.

ज्यांनी कुत्रा सांभाळलाय त्यांना हे विचारा:

- पाय कुठून काढलाय? खांद्यापासून किंवा मांडीतून वरून काढला असेल तर बरं. खुंट मागे राहिला असेल तर कुत्रा तो टेकवायला जातो आणि तिथे जखम होत राहते. अशा वेळी आधी डॉक्टरांचं मत घ्या.
- शस्त्रक्रिया कधी झाली? टाके सहसा १० ते १४ दिवसांनी काढतात. घरात आधीचे कुत्रे असतील तर टाके निघून, जखम कोरडी होऊन, वेदनेच्या गोळ्या बंद होईपर्यंत त्याला आणू नका. दुसऱ्याची जखम चाटायला कुत्र्यांना फार आवडतं.
- गाडीखाली आला होता का? असेल तर उरलेल्या पायांचा आणि कमरेचा एक्स-रे मागा. पाय काढला जातो, पण त्याच धडकेत कंबरेच्या हाडाला गेलेली चीर कुणी पाहिलेली नसते.
- नसबंदी, रेबीजची आणि बाकीच्या रोगांची लस, गोचीड-तापाची रक्ततपासणी झाली आहे का? कागद हातात घ्या. तोंडी उत्तरावर जाऊ नका.
- जेवताना दुसरा कुत्रा जवळ आला तर काय करतो? हा प्रश्न पायाच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा आहे.

माझं मत स्पष्ट आहे. घरात दोन वर्षांच्या आतले दोन दांडगे कुत्रे असतील तर पुढचा पाय नसलेलं सात किलोचं पिल्लू आणू नका, कितीही जीव तुटला तरी. अंगाने मजबूत, शांत, मोठा कुत्रा घ्या.

तपासा: तीन व्हिडिओ मागा. खडबडीत जमिनीवर चालताना, वळताना आणि झोपेतून उठताना. तिसऱ्यातून सगळ्यात जास्त कळतं. सांध्यांत दुखत असेल तर ते उठताना दिसतं.

## २. फरशी

त्याच्या तीन पायांना घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे व्हिट्रिफाइड टाइल. चार पायांचा कुत्रा घसरला तर सावरतो. तीन पायांच्याकडे सावरायला उरलेला पाय नसतो.

सगळं घर झाकायची गरज नाही. दारापासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून गादीपर्यंत आणि जेवणाच्या जागेपर्यंत एक सलग पायवाट करा. सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन मॅटच्या मध्ये फूटभर उघडी फरशी राहिली तर तो नेमका तिथेच पडतो. खाली न सरकणारी रबरी मॅट सर्वांत चांगली. सतरंजी मुळीच नको, ती त्याच्यासकट घसरते. योगा मॅट चालते, पण खालून दोन्ही बाजूंना चिकटणारी टेप लावून.

सुरुवात दाराजवळून करा. बेल वाजली की घरचे सगळे दाराकडे धावतात आणि घरात सगळ्यात जास्त आपटाआपटी तिथेच होते. फरशी पुसायची वेळ दुसरी. वाळेपर्यंत सगळे कुत्रे एका खोलीत, आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही हे सांगून ठेवायचं.

जिन्याला वर आणि खाली लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक लावा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर आधी २० किलोची तांदळाची गोणी दिवसातून तीनदा वर-खाली नेऊन पाहा. थट्टा नाही. पुढचा पाय नसलेल्याला उतरताना उचलूनच न्यावं लागतं.

गादी जाड हवी, कापसाची चालेल. उरलेल्या कोपरावर आणि कुल्ल्यावर भार येतो, तिथली कातडी जाड होऊन फुटते. गादी कोपऱ्यात भिंतीला चिकटवून नको. दोन बाजूंनी निघायला वाट हवी. कोंडीत सापडलेला कुत्रा चावतो.

तपासा: तुम्ही स्वतः मोजे घालून त्या पायवाटेवरून भराभर चाला. तुमचा पाय सरकला तर त्याचाही सरकेल.

## ३. घरचे कुत्रे: दोन आठवडे आधीपासून

ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण तेव्हा घरात नवा कुत्राच नसतो.

घरच्यांना तीन गोष्टी पक्क्या यायला हव्यात: हाक मारली की येणं, 'थांब' म्हटलं की थांबणं आणि बेल वाजल्यावर आपल्या चटईवर जाऊन बसणं. तिसरी सगळ्यात अवघड आहे. दिवसातून दहा वेळा कुणाला तरी बेल वाजवायला लावा आणि चटईवर बसलेल्यालाच खाऊ द्या. शेजारी वैतागतील, पण आठवड्यात फरक दिसतो.

जेवण आत्तापासून वेगवेगळ्या जागी सुरू करा. फाटकाची सवयही आत्ताच लावा. नवा आल्यावर फाटक लागलं तर घरच्यांच्या डोक्यात ती शिक्षा त्याच्या नावावर जमा होते.

मग ओळखीचा क्रम ठरवा. पहिला मान घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्याचा नाही आणि सगळ्यात 'फ्रेंडली' कुत्र्याचाही नाही. सगळ्यात शांत कुत्रा पहिला. 'आमचा बंटी सगळ्यांवर प्रेम करतो' असं ज्याच्याबद्दल सांगतात, तो बंटीच छातीने धडक देऊन प्रेम करतो. त्याचा नंबर शेवटचा.

सावध: तुमचे कुत्रे आत्ताच आपसात रक्त येईपर्यंत भांडत असतील तर इथेच थांबा. नव्याच्या येण्याने ते सुटत नाही.

## ४. पहिले चौदा दिवस: वेगळी खोली

दोन कारणं आहेत. पार्व्होसारखे रोग अंगात असले तरी सहसा दोन आठवड्यांच्या आत लक्षणं दाखवतात. दुसरं, त्याला आधी तुम्ही कळायला हवेत. भीती वाटली की कुणाकडे जायचं, हे त्याला ठाऊक असलं की पुढची निम्मी भांडणं होत नाहीत.

या दिवसांत वासांची देवाणघेवाण करा. त्याच्या गादीवरची चादर घरच्यांना हुंगायला, त्यांची त्याला. सुरुवातीला फाटकावर चादर टाका. आठवड्याने ती रोज वीतभर वर घ्या. फाटकापलीकडे दोघे दिसले की दोघांना खाऊ, फाटकापासून लांब.

तेवढ्यात तुम्ही त्याचं शरीर समजून घ्या:

- उचलणं. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली, आणि तुमच्या अंगाला टेकवून. काखेत हात घालून कधीही नाही.
- हार्नेस. गळ्यात पट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यासाठी. ओढायला-सावरायला पाठीवर मूठ असलेला हार्नेस हवा. पुढचा पाय नसेल तर रिकाम्या बाजूला पट्टा गोळा होऊन घासतो, तिथे मऊ कापड शिवून घ्या.
- वजन. फासळ्या हाताला सहज लागायला हव्यात आणि वरून पाहताना कंबर दिसायला हवी. दया येते, म्हणून दूध-पोळी आणि ग्लुकोजची बिस्किटं सुरू होतात. तीन पायांच्या कुत्र्यावर याहून मोठा अन्याय नाही. प्रत्येक वाढलेला किलो उरलेल्या सांध्यांवर बसतो.
- वेदना. नसलेल्या पायाच्या जागी सारखं चाटणं, अचानक किंचाळून तिकडे वळून पाहणं, कातडी थरथरणं. मज्जातंतू कापला गेल्यावर अशी वेदना राहू शकते आणि त्यावर औषध असतं. डॉक्टरांना दाखवा.

सावध: माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलसुद्धा स्वतःच्या अंदाजाने नाही.

ज्याला दुखतंय तो कुत्रा दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. आपण म्हणतो, स्वभाव खराब आहे. म्हणून वेदनेचा निकाल लागेपर्यंत पाचव्या पायरीवर जाऊ नका.

## ५. ओळख घराबाहेर, एका वेळी एकाच कुत्र्याशी

दोन माणसं, दोन पट्टे आणि घरच्या कुत्र्याची मालकी नसलेला रस्ता. सोसायटीचं फाटक नको, रोजची गल्लीही नको. १५-२० फूट अंतर ठेवून एकाच दिशेने चाला. दहा मिनिटं पुरे. दोघं एकमेकांकडे टक लावून न पाहता जमीन हुंगायला लागले की अंतर थोडं कमी करा.

एक युक्ती फार कामाची आहे. ज्या बाजूचा पाय नाही, त्या बाजूने तुम्ही चाला. तिकडून कुणी आलं तर त्याला पटकन वळता येत नाही, धक्का बसला तर तोल जातो. ती बाजू तुमच्या पायाने बंद झाली की तो निम्मा निवांत होतो.

वेगाचंही लक्षात घ्या. तीन पायांवर सावकाश चालणं दुडक्या चालीपेक्षा जास्त दमवतं, कारण प्रत्येक पावलाला उडी मारावी लागते. तो चार पावलं भराभर टाकून थांबेल. थांबू द्या. घरच्याने थांबायला शिकायचं, याने ओढलं जायचं नाही.

अशा तीन-चार फेऱ्या नीट झाल्या की मागून तीन सेकंद वास घेऊ द्या आणि आनंदाने हाक मारून वेगळे करा. मग पुन्हा. एकाशी जमलं की दुसरा. तिघांना एकदम नेऊ नका.

आपल्याकडे एक जास्तीची अडचण आहे, गल्लीतली कुत्री. उड्या मारत चालणाऱ्या अनोळखी कुत्र्यावर ती हमखास धावून येतात. ओळखीच्या फेरीत तसं झालं तर भीतीचं खापर शेजारी चालणाऱ्या तुमच्या कुत्र्यावर फुटतं. म्हणून आधी एकट्याने जाऊन रस्ता पाहून या, कुठली टोळी किती वाजता कुठे बसते ते. टेकडीचा पायथा, दुपारी रिकामं असणारं पार्किंग, ओळखीच्यांचा कंपाउंड असलेला प्लॉट, असं काहीतरी शोधा.

## ६. घरात: आधी शेजारी पडून राहणं

घरच्याला आधी भरपूर पळवून आणा. तो दमला की नवा आत, त्याच्या मॅटवर. मग घरचा आत येईल. दोघांच्या अंगावर हलका पट्टा लोंबता. खेळणी, हाडं, वाट्या सगळं उचललेलं. वीस मिनिटं काहीही घडू नये, हेच उद्दिष्ट. तुम्ही चहा प्या. दोघं दोन टोकांना पडून राहिले तर तो दिवस यशस्वी.

लोकांना हे कंटाळवाणं वाटतं आणि ते मध्येच चेंडू काढतात. मी तेच केलं होतं. खंडू आणि ठमी छान पडले होते, मला वाटलं झालं काम. चेंडू टाकला, दोघं धावले, ठमी वळणावर पडली, खंडू तिच्यावरून गेला. पुढचे तीन आठवडे खंडू खोलीत आला की ती पलंगाखाली. वीस मिनिटांची हौस तीन आठवड्यांना पडली.

घरच्यांना नव्याची देहबोली नीट वाचता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. पुढचा पाय नसलेला कुत्रा उभा राहताना डोकं खाली घालतो, उरलेला पंजा मधोमध रोवतो. दुसऱ्याला ते दबा धरल्यासारखं दिसतं. मागचा पाय नसलेला तोल सांभाळायला शेपूट ताठ फिरवतो. ते भांडणाचं निशाण वाटतं. घरच्यांना हे उमगायला काही आठवडे लागतात.

आणि गुरगुरला तर रागावू नका. चार पायांचा नको वाटलं की उठून जातो. याला ते तितक्या लवकर जमत नाही, म्हणून तो बोलून दाखवतो. तुम्ही घरच्याला हाक मारून लांब घ्या. गुरगुरणं दाबलेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो.

जेवण कायम वेगळं. पुढचा पाय नसेल तर वाटी छातीच्या उंचीला ठेवा. पाण्याची भांडी दोन ठिकाणी. त्याच्या गादीवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून.

तपासा: घरचा शेजारून गेला आणि नव्याने डोकंही वर केलं नाही, असं सलग चार-पाच दिवस झालं का? मगच पुढे.

## ७. खेळ: दोघांचाच, मातीवर, दोन मिनिटं

फरशीवर खेळ नाही. माती किंवा गवत, फक्त दोघं, दोन-तीन मिनिटं, हाक, थोडी विश्रांती, पुन्हा. छातीने धडक, खाली दाबून धरणं, एकाच्या मागे दोघं, यातलं काहीही दिसलं की लगेच थांबवा. पडून किंचाळलेला कुत्रा पाहिला की एरवी शहाण्या कुत्र्यांचंही डोकं फिरतं. खेळाचं भांडण तिथेच होतं.

चेंडूफेक टोळीत नको, आणि एकट्यालाही बेतानेच. धावत जाऊन करकचून थांबणं आणि गर्रकन वळणं उरलेल्या मनगटाला, गुडघ्याला मारक आहे. मागचा एकच पाय असेल तर त्या गुडघ्याचा अस्थिबंध (लिगामेंट) तुटणं ही खरी भीती आहे. तो तुटला तर उभं राहायला मागे पायच नाही. खेळायचंच असेल तर वास काढून खाऊ शोधायचा खेळ लावा, त्यात सगळे सारखे.

महिना-दीड महिन्यानंतर तिसरा कुत्रा खेळात घ्या. काही घरांत चौघं एकत्र कधीच खेळत नाहीत, जोड्या-जोड्यांनी खेळतात. चालतं.

भांडण झालं तर: मध्ये हात घालू नका. अंगावर पाणी, रजई किंवा ताटं आपटून आवाज. मागचे पाय उचलून ओढायची युक्ती वापरलीच तर ती चार पायांच्यावर. तीन पायांच्याचा मागचा पाय उचलला तर तो तोंडावर पडतो. माणसाला दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

## ८. रविवारी ट्रेकला जाणाऱ्या घरांसाठी

इथे दोन टोकं दिसतात. काही जण त्याला बिचारा म्हणून घरीच ठेवतात, काही पहिल्याच महिन्यात सिंहगडावर नेतात. दहा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्यांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. फेरी जास्त झाली का, हे त्याच दिवशी कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना तो आखडला असेल तर कालचं अंतर जास्त झालं.

मात्र त्याच्यासाठी बाकीच्यांचं पळणं कमी करू नका. न पळालेला कुत्रा ती ताकद घरी येऊन त्याच्यावर काढतो. आमच्याकडे सकाळी दोन फेऱ्या होतात. आधी तिघांची लांब, मग ठमीची छोटी, आणि तिच्याबरोबर तिघांतला कुणीतरी एक. वेळ दुप्पट जातो. हा हिशेब आणायच्या आधी घरातल्या सगळ्यांसमोर मांडा.

उन्हाळ्यात हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. सहन झालं नाही तर परत फिरा. चार पायांच्याचा एक पंजा भाजला तर तो लंगडतो, याचा भाजला तर याच्याकडे दोनच उरतात. पावसाळ्यात शेवाळ, आणि साचलेल्या पाण्यातून येणारा लेप्टोस्पायरोसिस. त्याची लस राहिली नाही ना, हे जूनच्या आधी पाहून घ्या. आणि स्कूटरवर पायांशी उभं करून नेणं नाहीच. ब्रेक लागला की त्याला रोवायला पाय नसतो.

## ९. पुढची वर्षं, थोडक्यात

नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापा, पंजांच्या गाद्यांमधले केसही. दर महिन्याला वजन करा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून उरलेले सांधे आणि पाठ तपासून घ्या. पुढचा पाय नसेल तर उरलेलं मनगट खाली बसायला लागलंय का ते पाहा. मागचा पाय नसेल तर त्या बाजूचा कान त्याला खाजवता येत नाही. तिथे गोचीड आणि मळ साठतो, म्हणून तो कान रोज तपासा आणि तुम्हीच खाजवा. आहेत त्या तीनपैकी एखादा पाय अचानक टेकवेनासा झाला तर 'उद्या बघू' नाही, त्याच दिवशी दवाखाना. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना बाकीच्यांबरोबर याचाही काढा.

## १०. जमत नसेल तर

दत्तक घेतानाच संस्थेशी किंवा सांभाळणाऱ्याशी लेखी ठरवा, की नाही जमलं तर कुत्रा त्यांच्याकडेच परत जाईल. आठ आठवडे सगळ्या पायऱ्या नीट करूनही तो खात नसेल, दिवसभर एकाच जागी लपून राहत असेल किंवा घरच्यातला एखादा त्याला हेरून, आवाज न करता अंगावर जात असेल, तर प्रशिक्षकाला घरी बोलवा. त्यानेही फरक पडला नाही तर ज्यांच्याकडून आणला त्यांना फोन करा आणि नेमकं काय घडतं ते लिहून द्या: कुठल्या खोलीत, किती वाजता, कुणाबरोबर. त्याच्या पुढच्या घराला तेच उपयोगी पडेल.